तिसरा रकाना

नवं राज्य झालं तेव्हा निरंजन डबीर भोपाळहून रायपूरच्या मंत्रालयात आला आणि चौबे कॉलोनीत भाड्याच्या घरात राहू लागला. ऑफिसात शब्दाचा पक्का माणूस. घरी मात्र जेवून उठला की ताट तिथंच. आधी आईनं उचललं, पुढं बायकोनं, विनोदिनीनं. यात काही चुकतंय असं त्याच्या कधी मनातही आलं नाही.

विनोदिनीची कंबर धरली, तसं त्यानं पोरांना कामाला लावायचं मनावर घेतलं. सचिन तेरा वर्षांचा, निधी नऊची. निरंजननं पुठ्ठ्यावर तक्ता आखून फ्रिजवर लावला. एका बाजूला कामं, ताटं उचलणं, पाणी भरणं, कपड्यांच्या घड्या. वर दोघांची नावं. काम केलं की विनोदिनीच्या पाकिटातली एक लाल टिकली चिकटवायची. ज्याच्या टिकल्या जास्त, त्याला रविवारी स्कूटरवरून गोल बाजारात न्यायचं. पोरं खरंच हातपाय हलवू लागली. निरंजन ऑफिसात सांगत सुटला, "पोट्ट्यांले रागावून काही होत नाही. गोडी लावा लागते."

ते ऐकून त्याच्या सेक्शनचे श्यामराव एका रविवारी बायकोला, सत्यभामाबाईंना, घेऊन चहाला आले. चहा झाल्यावर दोघं कौतुकानं फ्रिजपाशी गेले. तक्त्यावर निधीनं पट्टीनं तिसरा रकाना आखला होता. वर लिहिलं होतं, 'पापा'. खाली टिकली एकही नाही.

"अगंबाई, हा तर कोराच!" सत्यभामाबाई हसल्या.

निरंजनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "अरे, माझ्या टिकल्या लावायच्याच राहिल्या वाटते. काहून लावल्या नाही, निधी?"

निधीनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. मग श्यामरावांना म्हणाली, "हव अंकल, मैं लगाना भूल गई."

सचिननं मान खाली घातली. विनोदिनी कपबश्या उचलून आत गेली.

पाहुणे गेल्यावर निरंजननं पोरीला जवळ बोलावलं. "खोटं काहून बोलली तू?"

"आपको शरम आ रही थी ना, पापा."

एवढं बोलून ती दोरीवरचे कपडे काढायला गेली. बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, आणि तेच त्याला लागलं. पोरगी उलटून बोलली असती तर दटावता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं श्यामरावांना गाठलं. "काल पोरगी काही विसरली नव्हती. माझ्यापायी खोटं बोलली. मी घरात काडी उचलत नाही."

श्यामराव खळखळून हसले. "मी तरी काय करून राहिलो घरी? सोड ना बाबा!"

कबूल करूनही मन हलकं झालं नाही. त्या रात्रीच्या जेवणानंतर निरंजन भांड्यांपुढं उभा राहिला. शर्ट भिजला, एक कप फुटला, कुकरचं बूड तीनदा घासलं तरी काळंच. विनोदिनी दारात आली.

"राहू द्या ना, मी करते."

"नाही. मलेच करू दे."

 ती पदराला हात पुसत पलंगावर जाऊन बसली. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं, आणि ते बघून तो आणखीच ओशाळला.

हळूहळू हात वळला. संध्याकाळची भांडी त्याचीच झाली. वर्षभरात कॉलोनीत बोलबाला झाला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणायच्या, "विनोदिनी, नशीब काढलं तू! असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी भेटत नाही."

आतल्या खोलीत निरंजनला ते ऐकू यायचं. पंधरा वर्षं ती हीच भांडी घासत होती, तेव्हा तिचं कौतुक करायला कोणी आलं नव्हतं. तोही नाही. बायका जाईपर्यंत तो तोंडासमोर पेपर धरून बसायचा, बाहेर यायचा नाही.