मारुतीअण्णांचा घोडा

मारुतीअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते गुलबर्गा स्टेशनजवळच्या आमच्या बुद्धिबळ क्लबात. मी तुरीच्या आडतीवरचा माणूस, जिंकलो की टेबल वाजवणारा. अण्णा चिटगुप्प्याहून बदलून आलेले शाळामास्तर. त्यांनी मला हरवलं आणि वर चहाही पाजला. मला फार राग आला होता.

अण्णा मूळचे निंबर्ग्याचे. खेळ वडिलांकडून शिकले, तोही देशी पद्धतीचा. त्या पद्धतीत प्यादं शेवटच्या ओळीत ज्या मोहऱ्याच्या पट्टीत पोचेल, तेच मोहरं होतं. घोड्याच्या पट्टीत घोडा, हत्तीच्या पट्टीत हत्ती. क्लबात मात्र नवे नियम, हवं ते मागा. सगळे वजीरच मागतात. हा फरक नवख्यांना अण्णाच समजावून सांगत. त्यांच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारलेला; जन्मानं ठरवून दिलेलं निमूट मानायचं नाही, हा त्यांचा बाणा. एका लोहाराच्या मुलीचं शिक्षण थांबणार होतं, तेव्हा अण्णा स्वतः तिच्या बापाकडे गेले. "तिला काय व्हायचंय ते तिला ठरवू द्या की," म्हणाले. आज ती कॉलेजात गणित शिकवते.

म्हैसूर राज्याच्या स्पर्धेला क्लबातून एकालाच बेंगळूरला पाठवायचं होतं. शेवटचा डाव अण्णा आणि आमचे वकीलसाहेब यांच्यात. बरोबरी झाली तरी वकीलसाहेब जाणार, अण्णांना जिंकणं भाग होतं. वकीलसाहेबांनी घाईनं हत्तीला हत्ती मारून घेतला आणि तिथं डाव अण्णांकडे वळला. शेवटी पटावर उरले दोन राजे आणि अण्णांचं एक प्यादं. ते घोड्याच्या पट्टीतून चढत शेवटच्या ओळीत पोचलं. अण्णांनी ते उचललं आणि तिथं घोडा ठेवला.

एकट्या घोड्यानं मात होत नाही. डाव बरोबरीत गेला.

वकीलसाहेबांनाच राहवलं नाही. "मास्तर, वजीर घ्या. मी काही बघितलं न्हाई."

"हात सुटला की, साहेब," अण्णा म्हणाले. "आता कसं बदलायचं?"

आमच्याकडे रीत अशी, की डाव संपला की तो पुन्हा मांडायचा आणि ज्याचा बिघडला त्यानं आधी बोलायचं. अण्णांनी सगळं शांतपणे दाखवलं. शेवटच्या खेळीपाशी मात्र थांबले.

"एवढी वर्सं दुसऱ्याला सांगायलोय, मागून घ्या म्हणून. माझ्याच हाताला कामून कळलं न्हाई?"



त्यानंतर अण्णा स्पर्धेत उतरले नाहीत. पुढे मुख्याध्यापकाची जागा निघाली, तेव्हाही त्यांनी अर्ज केला नाही. ज्या वर्गावर नेमलं तो वर्ग मनापासून शिकवला. वकीलसाहेब बेंगळूरला पहिल्याच फेरीत हरून आले, ते सोडा. पण अण्णांचा खेळ राज्यानं पाहिलाच नाही, याची हळहळ मला आजही वाटते. एवढ्या गुणी माणसाच्या वाट्याला आमच्या चार टेबलांचा क्लब यावा, हे मला कधीच पटलं नाही.

आता अण्णांची साठी झाली. त्यांना भरपूर आयुष्य मिळावं, डोळे शाबूत राहावेत, गुडघ्यांनी त्रास देऊ नये, ही आम्हा सर्वांची इच्छा. यंदाच्या स्पर्धेत त्यांचं नाव आम्ही त्यांना न विचारता घातलं आहे. अण्णा रागावतील, रागावू देत. जास्तीचा वजीर त्यांच्या हाताशी ठेवायचं वकीलसाहेबांनी कबूल केलं आहे. आणि मारले गेलेले घोडे डाव संपेपर्यंत माझ्या खिशात राहतील.