काकांचं बटण

सकाळचे साडेनऊ वाजत आलेले असतात. खिडकीबाहेर मँचेस्टरचं आभाळ ओल्या पाटीच्या रंगाचं असतं, ट्रॅममधून उतरून भिजत आलेल्यांचे कोट रेडिएटरजवळ वाळत टाकलेले असतात, आणि त्या ओल्या लोकरीचा थोडा कुबट, थोडा ऊबदार वास आमच्या मजल्यावर रेंगाळत असतो. त्याच वासात रोज आकडे येतात. काल या देशात कोणी काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, कोणत्या मिनिटाला कंटाळून दुसऱ्या वाहिनीवर गेलं, हे सगळं एका तक्त्याच्या रूपानं पडद्यावर उमटतं. एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या प्रेक्षकसंख्या विभागात सोळा वर्षं मी हे आकडे वाचतो आहे. आईला हे काम कधीच नीट कळलं नाही. नागपूरच्या शेजारणींना ती 'मुलगा टीव्हीत आहे' एवढंच सांगायची, आणि त्या बिचाऱ्या मी कधी दिसतो याची वाट पाहत राहायच्या.

दिसण्यासारखं माझ्या कामात काहीच नाही. संध्याकाळी पाच वाजता आमच्या वाहिनीवर एक प्रश्नमंजूषा लागायची आणि नेमक्या त्याच वेळी समोरच्या वाहिनीवर दुसरी. आमचा निवेदक स्वेटर घातलेला, सौम्य, चुकलेल्या स्पर्धकाची मनापासून समजूत घालणारा. त्यांच्याकडे ढोल, झगमगाट आणि न थांबणाऱ्या टाळ्या. या दोघांत वर्षानुवर्षं युद्ध चाललेलं. आम्ही कार्यक्रम दोन मिनिटं आधी सुरू केला की पुढच्या आठवड्यात ते तीन मिनिटं आधी सुरू करत. आम्ही जाहिराती पुढे ढकलल्या की तेही ढकलत. माझी वरिष्ठ ज्युडिथ, तीस वर्षं याच कामात मुरलेली, म्हणायची की दोघं मिळून एकच पांघरूण ओढतोय आणि ते दर वर्षी धुतल्यावर आटतंय. खोटं नव्हतं. तरुण मंडळी केव्हाच आपापल्या फोनमध्ये निघून गेली होती. पाच वाजता टीव्हीसमोर उरली होती ती म्हातारी माणसं, आणि तीही एकेक करून जात होती. अशा जाण्याला आमच्या अहवालात एक शब्द आहे, 'नैसर्गिक घट'. तो मी कितीदा लिहिला असेल याची गणती नाही, आणि लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही.

हे आकडे येतात कुठून, असं कोणीतरी विचारतंच, आणि मीही जरा भाव खाऊन सांगतो. देशभरातल्या काही हजार घरांत टीव्हीला एक छोटं यंत्र जोडलेलं असतं. त्याच्यासोबत एक वेगळा रिमोट येतो आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाचं एकेक बटण असतं. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. त्या मूठभर घरांवरून साऱ्या देशाचा अंदाज बांधला जातो, म्हणजे त्यातला एकेक माणूस आपल्यासारख्या हजारो जणांच्या वतीनं तिथे बसलेला असतो. ही घरं कोणती, हे गुप्त ठेवतात. वाहिनीत काम करणाऱ्याला तर ती ठाऊक असताच कामा नयेत. चुकून कळलंच तर तिथल्या तिथे कळवायचं, असा स्पष्ट नियम आहे.

मला एक घर ठाऊक होतं. बर्मिंगहॅममधलं, निर्मलामावशींचं. मावशी माझ्या आईच्या मैत्रीण, नागपूरच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या. लग्न होऊन त्या इकडे आल्या तेव्हा त्यांचे यजमान, म्हणजे काका, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांना मूलबाळ झालं नाही. मी या देशात पहिल्यांदा उतरलो तेव्हा काकाच विमानतळावर न्यायला आले होते, माझ्या मापाचा अंदाज बांधून घेतलेला एक जाड कोट हातावर घेऊन. तो मला खांद्यात सैल झाला, पण त्या दिवसापासून मी त्यांच्या घरचाच झालो. महिन्यातल्या एका शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघायचं, गाडी पकडायची आणि पाचच्या आत त्यांच्या बैठकीच्या खोलीत पोचायचं, हा परिपाठ पुढे कित्येक वर्षं चालला.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या दारावर एक बाई आली. घरातलं कोणी टीव्हीच्या धंद्यात आहे का, असं तिनं विचारलं, आणि दोघांनी प्रामाणिकपणे नाही सांगितलं, कारण मी काही त्यांच्या घरात राहत नव्हतो. यंत्र बसलं. पुढच्याच भेटीत काकांनी तो रिमोट मोठ्या कौतुकानं माझ्या हातात दिला. एक क्रमांकाचं बटण मावशींचं, दोन क्रमांकाचं काकांचं. त्याच क्षणी मी काय ते सांगायला हवं होतं. मी गप्प बसलो, आणि वर फुशारकी मारली की काका, तुम्ही एकटे बसलात तरी कित्येक हजार माणसं बसल्यासारखं आहे. काका नुसते हसले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी पाच वाजता आमची वाहिनी लागू लागली.

काकांची आवड वेगळी होती, हे मला फार उशिरा कळलं. त्यांना समोरच्यांचे ते ढोल आणि त्या टाळ्या मनापासून आवडत. आमचा निवेदक त्यांना मिळमिळीत वाटे. पण आपल्या माणसाचं दुकान असताना शेजारच्याकडून किराणा आणायचा नाही, या जुन्या रीतीनं त्यांनी स्वतःची आवड गुंडाळून ठेवली. रोज पाचला पाच कमी असताना चहा घेऊन बसायचे, दोघांची बटणं दाबायचे आणि पाऊण तास तो कंटाळा निष्ठेनं सोसायचे. आमच्या तक्त्यात वय असतं, लिंग असतं, प्रांत असतो. 'आपल्या पोरासाठी' असा रकाना नसतो. ज्या आकड्यांच्या आधारे आम्ही प्रेक्षकांच्या पसंतीबद्दल पानंच्या पानं लिहीत होतो, त्यांत काकांची ही माया मिसळलेली होती, आणि मी ती पसंती म्हणून वाचत होतो.

गेल्या वर्षी, ऑक्टोबरअखेरीस इथली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली त्याच आठवड्यात, सत्त्याहत्तराव्या वर्षी काका गेले.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मी मावशींकडे बसलो होतो. दिवस नुकता लांबायला लागला होता, पण तो लांबलेला प्रकाशही कसा तर पातळ, दुधात पाणी जास्त झाल्यासारखा. मागच्या अंगणातल्या कुंपणावर थोडा वेळ टेकायचा आणि निघून जायचा. घरात वेलचीचा वास होता आणि त्याखाली, बंद खिडक्यांच्या घरांना हिवाळ्यात येतो तसा, गालिच्याचा जुना वास. मावशींनी टीव्ही लावला, तो रिमोट उचलला, एक दाबलं, मग दोन दाबलं. माझं तिकडे प्रथमच लक्ष गेलं.

"मावशी, दोन तर काकांचं आहे ना?" मी विचारलं.

"हो. मी रोजच दाबते."

"अहो, पण असं नाही चालत. काका गेल्याचं त्या लोकांना कळवायला हवं होतं."

"बाकी सगळीकडे कळवलं ना. कौन्सिलला कळवलं, पेन्शनवाल्यांना कळवलं, जीपी डॉक्टरांकडे कळवलं. फॉर्म भरभरून दिले, everyone was very nice about it. हे एकच राहू दिलं." त्यांनी माझ्या कपाखाली बशी सरकवली. "तूच म्हणाला होतास ना, एक माणूस म्हणजे कित्येक हजार. ह्यांचं बटण बंद केलं तर तुझ्या चॅनलची तेवढी माणसं एकदम कमी होतील. तुझा जॉब आहे रे तो. ह्यांना चाललं नसतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे चार महिने रोज सकाळी, 'पुरुष, वय पासष्टच्या पुढे' या ओळीत मी काकांना वाचत होतो आणि मला पत्ता नव्हता. साऱ्या देशानं त्यांचं नाव एकेका यादीतून खोडलं होतं. फक्त या एका जागी ते अजून चहा घेऊन बसलेले होते, तेही माझी नोकरी राखायला. मावशींना दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. एक, की हा नियमभंग आहे. दुसरी, की लाखांत मोजायच्या देशाच्या आकड्यात त्या एका बटणाचे काही हजार सहज बुडून जातात, माझी ती फुशारकी निव्वळ फुशारकी होती. मी पहिलीच सांगितली. त्यात सचोटी किती होती आणि हे माझ्या ऑफिसात उघड झालं तर काय, ही भीती किती होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मावशींनी वाद घातला नाही. "तू म्हणतोस तर कळवते," एवढंच म्हणाल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये यंत्रवाली बाई त्यांच्याकडे येऊन गेली. फार हळुवारपणे बोलली म्हणे, काकांबद्दल दोन शब्द विचारले, आणि दुसऱ्या क्रमांकाचं बटण कोरं करून गेली. "जाताना सांगून गेली, कोणी गेस्ट आलं तर गेस्टचं बटण दाबा, पुरुष की बाई ते घाला, वय घाला," मावशी फोनवर सांगत होत्या. "मी म्हटलं, आता कोण येतंय." मी येतो ना, असं मी म्हणालो आणि पुढचे तीन महिने गेलो नाही.

कारणं सांगायला होती. त्याच वसंतात आमच्या प्रश्नमंजूषेचा निकाल लागायचा होता, आणि तो कसा लागणार हे मजल्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बाहेर रस्त्याकडेला डॅफोडिल फुलले, पावसानं आडवे झाले, सुकले. आत मी उतरत जाणारी एक रेघ निरनिराळ्या रंगांत काढत राहिलो. समोरच्यांची रेघही उतरतच होती, फक्त आमच्यापेक्षा किंचित सावकाश, आणि यालाच जिंकणं म्हणतात. शेवटचं टिपण ज्युडिथनं मलाच लिहायला सांगितलं. त्यातही तो शब्द आला, 'नैसर्गिक घट'. या वेळी मात्र मी बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत बसलो, दुसरा एखादा सुचतो का ते पाहिलं, आणि तोच राहू दिला. जूनच्या सुरुवातीला कार्यक्रम बंद झाला. स्वेटरवाल्या निवेदकानं नेहमीच्याच सौम्य आवाजात निरोप घेतला, आणि तोही फार कमी लोकांनी पाहिला.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी बर्मिंगहॅमला गेलो. इथल्या जूनमध्ये पाच वाजता टळटळीत दुपार असते. कापलेल्या गवताचा वास रस्ताभर दरवळत होता, शेजारच्या अंगणात कोणीतरी झाडांना पाणी घालत होतं, आणि अशा प्रकाशात माणूस वाळलेलं फार स्पष्ट दिसतं. मावशी वाळल्या होत्या. चहा ठेवता ठेवता त्यांनीच विषय काढला.

"तुमचं ते बंद झालं ना? ह्यांचं बटण काढलं म्हणून का रे?"

हो म्हणावं तर हा दोष जन्मभर त्यांच्या माथी बसणार. नाही म्हणावं तर काकांची एवढी वर्षं मातीमोल होणार. चहाला उकळी आली. मग खरं तेच सांगितलं: "नाही मावशी. एका बटणानं काहीच फरक पडत नाही. कधीच पडत नव्हता."

त्यांनी गॅस बंद केला, चहा गाळला, दोन्ही कप ट्रेमध्ये नीट मांडले.

"म्हणजे हे बसले काय, न बसले काय, सारखंच होतं तर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. पाऊस येतोय वाटतं, म्हणावं तसं म्हणाल्या आणि ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या. आकड्यांच्या बाबतीत त्या अगदी बरोबर बोलल्या होत्या.

पाच वाजायला आले. मावशींनी टीव्ही लावला तो सरळ समोरच्या वाहिनीवर. ढोल सुरू झाले. त्यांनी रिमोट उचलून आपलं बटण दाबलं, आणि मग चष्मा वर करून, एकेक अक्षर शोधत, गेस्टचं बटण दाबलं. मला वाटलं, माझ्यासाठीच. वाहिनीतल्या माणसाची नोंद होऊ नये म्हणून मी त्यांना थांबवणारच होतो, तेवढ्यात त्यांनी वय घातलं. सत्त्याहत्तर.

"ह्यांना हेच आवडायचं," त्या पडद्याकडे पाहत म्हणाल्या. "वय तेवढंच घालते मी. वाढवून काय करायचं."

रिमोट त्यांनी आमच्या दोघांच्या मधे ठेवला. नियम माझ्या ओठांवरही आला नाही, आणि आला असता तरी तो कोणाच्या बाजूनं लावायचा, हे मला सांगता आलं नसतं. पाऊण तास आम्ही त्या टाळ्या ऐकत बसलो. चहा निवला, कुंपणावरचं ऊन तसंच राहिलं.

सोमवारी शुक्रवारचा तक्ता उघडला तेव्हा समोरच्यांचा आकडा थोडा वर गेलेला होता. सवयीनं मी तो ओळीओळीनं तपासला. एका घरापुरता तरी तो चोख बरोबर असणार, हे मला माहीत होतं: त्या शुक्रवारी त्या खोलीत दोन माणसं बसली होती आणि दोघांचीच नोंद झाली होती. नोंदीतल्या त्या दोघांत मी नव्हतो, एवढंच.