विष्णू करमळकर आणि अकरा लाल पुस्तकं

विष्णू करमळकरइतका भित्रा माणूस मी जन्मात पाहिला नाही. आणि मी हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात काम करते, म्हणजे घाबरलेली माणसं मला रोज भेटतात. ती निदान कारण असलं की घाबरतात. विष्णूला कारण लागायचं नाही.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये आमच्या आणि त्याच्या दारात तीन घरांचं अंतर. त्याची बायको सुप्रभा माझी जिवाभावाची मैत्रीण, त्यामुळे मला त्या घरात वाटेल ते बोलायची मुभा होती आणि ती मी पुरेपूर वापरली. फोन वाजला की विष्णू आधी बायकोकडे बघायचा. बॉयलरने 'धप्' असा आवाज केला की हा अंगणात. लिफ्टमध्ये पाऊल टाकायचा नाही. आमच्या गावात दर अर्ध्या मैलावर राउंडअबाउट, आणि बाहेर पडायची हिंमत न झाल्यामुळे हा माणूस गोल गोल फिरत राहायचा. एकदा त्याच्या शेजारी बसून मी एकाच राउंडअबाउटला चार प्रदक्षिणा घातल्या. शेवटी म्हटलं, "विष्णू, नवस बोललायस का?"

अशा माणसाचं वेड काय असावं? तर साहसकथा! साताऱ्याच्या शाळेत एका जुन्या इंग्रज हेडमास्तरांनी मागे सोडलेलं कपाट होतं. त्यात विष्णूला 'तीन हॅलोवे' ही मालिका सापडली. लाल कापडी बांधणी, सन १९०८च्या आसपासची पुस्तकं. दोन भाऊ आणि एक बहीण, आईबाप दूरदेशी, आणि ही तिघं गुहेत, खाणीत, पडक्या दीपगृहात बेधडक घुसायची. एकूण अकरा भाग. त्यातले सात शाळेत होते. उरलेले चार वाचायला मिळावेत म्हणूनच आपण इंग्लंडला आलो, असं तो म्हणायचा, आणि ते निम्मं तरी खरं असावं. नोकरी कॉम्प्युटरची होती, पण सुट्टीत तो जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळत हिंडायचा. दहा भाग जमले. आठवा काही केल्या मिळेना.

त्याची मुलगी मधू, मधुमती. इथेच जन्मली. तेव्हा नऊ वर्षांची होती. दर शनिवारी तीन वाजता विष्णू तिला एक प्रकरण वाचून दाखवायचा, आणि वाचताना त्याचा आवाज इतका बदलायचा की मी सुद्धा चहाचा कप धरून दारात उभी राहायचे. पोरगी बापासारखी अजिबात नव्हती. झाडावर चढायची, कुत्र्यांच्या तोंडात हात घालायची. विष्णू तिला गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबून एकच गोष्ट बजावायचा. हॅलोवे मंडळींचा पहिला नियम: कुठेही निघण्यापूर्वी मोठ्यांसाठी चिठ्ठी ठेवायची. "रूल नंबर वन, काय?" मधू ओरडायची, "चिठ्ठी!"

नव्वद साली सप्टेंबरात त्याला ब्रिस्टलच्या एका दुकानात आठवा भाग मिळाला. हा भाग त्यानेही कधी वाचलेला नव्हता. बापलेकीने करार केला, पुढचं पान कोणी चोरून वाचायचं नाही. दोन शनिवारांत आठ प्रकरणं उरकली, दर वेळी चार-चार, इतका त्यांना दम नव्हता. नववं पुढच्या शनिवारी.

त्या शनिवारी दसरा होता.

सुप्रभाने सकाळी हॉलमध्ये पाट मांडला. पाटीवर सरस्वती काढली. मग घरातली हत्यारं आणि पुस्तकं: तिचं शिलाई मशीन, विष्णूचा कीबोर्ड, मधूची दप्तरातली वह्या-पुस्तकं, आणि सगळ्यांत वर विष्णूने स्वतःच्या हाताने रचलेली अकरा लाल पुस्तकं, नवा आठवा भाग सगळ्यांत वर. हळदकुंकू, फुलं, नैवेद्य. पूजेतलं पुस्तक त्या दिवशी उघडायचं नाही, हलवायचंही नाही. लहानपणी आम्हाला हा नियम फार आवडायचा, कारण अभ्यासाला सुट्टी. मधूला कोणी हा नियम सांगितला होता का? मी नंतर सुप्रभाला विचारलं. ती म्हणाली, "अगं, सांगायला काय हवं? आपल्याला कोणी सांगितला होता?"

श्रीखंडपुरीचं जेवण झालं. मी घरी येऊन जरा आडवी झाले. तीनच्या सुमारास सुप्रभाचा फोन. "शशी, मधू तुझ्याकडे आलीय का?"

नव्हती आली. मैत्रिणींकडे नव्हती. बागेत नव्हती. सायकल गॅरेजमध्येच होती. साडेतीनला मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा विष्णू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता आणि दाराकडे टक लावून होता. मी त्याला पुष्कळदा घाबरलेला पाहिला होता. हे निराळं होतं. या वेळी तो एकटा घाबरलेला नव्हता.

पावणेचारला एक पोलीसबाई आली. तरुण होती, शांत होती. मुलीने काय घातलंय, कोणावर रुसली होती का, तिला कशाची आवड आहे? विष्णू म्हणाला, पुस्तकांची. मग त्याने हॅलोवेंबद्दल सांगितलं. पोलीसबाई म्हणाली, ते पुस्तक बघता येईल का? मुलं कधीकधी गोष्टीतलं करून बघतात.

विष्णू उठला, पाटाकडे गेला आणि हात पुढे केला.

"अहो, नको," सुप्रभा म्हणाली. मराठीत, हळू आवाजात. "आज नाही हलवायचं. पोर हरवलीय आणि आत्ताच पूजा मोडायची? देवाला दुखवायचं?"

त्याचा हात तिथेच थांबला. मी त्याच्याकडे बघत होते. मुलगी हरवल्याची भीती एकीकडे आणि देवाच्या कोपाची एकीकडे, आणि तो मध्ये. त्याने हात मागे घेतला. पोलीसबाईला म्हणाला, "इट्स जस्ट अ चिल्ड्रन्स स्टोरी. नथिंग इन इट."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगते, मी पण बोलले नाही. मलाही वाटलं, उगाच कशाला? एक्स-रेची मशीनं चालवणारी बाई मी, आणि मलाही वाटलं. पोलीसबाई तळ्याच्या बाजूला शोधायला गेली आणि आम्ही तिघं त्या पाटासमोर बसून राहिलो.

सव्वाचारला पाऊस सुरू झाला. आदल्या दोन दिवसांत पडून गेलेलाच होता, आता तर खिडकीबाहेरचं कुंपण दिसेना. सुप्रभा देवाचं नाव घेत होती. साडेचार वाजले आणि विष्णू उठला. पाटाजवळ गेला आणि वरचं पुस्तक खसकन ओढलं. फुलं उडाली, कुंकवाची वाटी कार्पेटवर लवंडली. सुप्रभाने डोळे मिटून घेतले. पुस्तकातून वहीचा फाडलेला कागद खाली पडला.

"बाबा, मी चॅप्टर नाइन वाचला. सॉरी. ते टनेलमधून जातात. आपला रोडच्या खाली ब्रूकचा टनेल आहे ना, मी तिकडे जाते. दुसऱ्या साइडला बाहेर येणार. तू तीन वाजता वाचशील तेव्हा चिठ्ठी मिळेल. चार वाजता तिकडे ये. टॉर्च आण. रूल नंबर वन केला."

सुप्रभाने फोन उचलला. मी विष्णूला ओढत माझ्या गाडीत घातलं. राउंडअबाउटवर मी ब्रेकला पाय लावला नाही.

आमच्या मोठ्या रस्त्याखालून तो ओढा जातो. एरवी घोट्याएवढं पाणी, बदकंसुद्धा चालत जातात. रस्त्याच्या एका बाजूला सिमेंटच्या बोगद्याचं तोंड उघडं आहे. दुसऱ्या बाजूला, जिथून ती बाहेर येणार होती, तिथे लोखंडी गजांची जाळी आहे आणि तिला कुलूप. पुस्तकातल्या बोगद्याला जाळी नसणार.

आम्ही आधी तिकडेच गेलो, कारण तिने तिकडे बोलावलं होतं. उतारावरून घसरत खाली आलो. पाणी जाळीतून फेसाळत बाहेर पडत होतं. आणि गजांवर चार बोटं दिसली. लहान, पांढरी पडलेली.

"मधू!"

आतून आवाज आला, अगदी नीट, शाळेतल्या हजेरीसारखा. "शशी मावशी? बाबा आला का? मी चार वाजता सांगितलं होतं."

पाणी तिच्या छातीपर्यंत होतं. मागे फिरायचं तर प्रवाहाविरुद्ध चालावं लागत होतं आणि तिचे पाय टिकत नव्हते. विष्णूने जाळी धरून गदागदा हलवली. कुलूप ढिम्म. मी म्हटलं, "फायर ब्रिगेड येईलच." त्याने पाण्याकडे पाहिलं, तिच्या छातीकडे पाहिलं आणि वळून वर धावला. रस्ता ओलांडून पलीकडच्या तोंडाकडे. तोच विष्णू, लिफ्टमध्ये न शिरणारा.

मी पाण्यात उतरून तिची बोटं माझ्या मुठीत घेतली. गार होती पण घट्ट होती. ती मला सांगत होती की आत तिला एक बेडूक दिसला, की तिचा एक बूट वाहून गेला. "मम्मी रागावेल," म्हणाली. पाणी तिच्या काखेपर्यंत आलं तेव्हा ती टाचा उंच करून उभी राहिली. आणि तरी हे पोर मला बेडकाचा रंग सांगत होतं.

तेवढ्यात अंधारातून आवाज आला.

तो माणसाचा आवाज होता हे कळायलाच मला क्षणभर लागलं. विष्णू आत शिरला होता आणि ओरडत होता. तिचं नाव घेत नव्हता. नुसताच, जनावर खाटकाकडे ओढत नेताना ओरडतं तसा, आणि सिमेंटच्या भिंतींवर आपटून तो आवाज दुप्पट होऊन आमच्याकडे येत होता. थांबत नव्हता. जवळ जवळ येत होता. माझ्या मुठीतली बोटं थरथरायला लागली.

"मावशी, ते काय आहे?"

"बाबा आहे गं. बाबाच येतोय."

"का ओरडतोय? तिकडे काय आहे? मावशी, तिकडे काय आहे?"

आणि मग ती पण ओरडायला लागली.

तो पोचला. त्याने तिला खांद्यावर उचलून धरलं आणि गजांना पाठ लावून उभा राहिला. पाणी त्याच्या गळ्याशी आलं होतं तेव्हा फायर ब्रिगेडच्या लोकांनी कुलूप कापलं. दोघंही सुखरूप. हॉस्पिटलमध्ये एक रात्र, ब्लँकेटं, गोड चहा. गावातल्या मराठी मंडळात विष्णूचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ सगळं. त्याच्या भित्रेपणावर विनोद करायची माझी सोय कायमची गेली.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मी एकटी असताना मधू मला म्हणाली, "मावशी, मला भीती नव्हता वाटत. बाबा आला ना, तेव्हा वाटली." मी तिला म्हटलं, हे बाबाला सांगू नकोस हं. तिने सांगितलं नाही. शहाणी पोर.

याला आता सात वर्षं झाली. विष्णू लिफ्टमध्ये चढतो. गेल्या वर्षी एकटा गाडी चालवत बेसिंगस्टोकला जाऊन आला. तो मधूनमधून त्या दिवसाची गोष्ट सांगतो, आणि त्याच्या सांगण्यात तो दात आवळून, एक शब्द न काढता पाण्यातून पुढे जातो. खोटं बोलत नाही तो. त्याला खरंच तसंच आठवतं.

मधू सोळा वर्षांची आहे. दिवा लावून झोपते. शाळेची ट्रिप वेल्सला गेली, तिने पोट दुखतंय म्हणून सांगितलं. अंडरपासमधून जायला नको म्हणून शाळेला अर्धा मैल वळसा घालते. फोन वाजला की आईकडे बघते.

मागच्या रविवारी विष्णू माझ्याकडे चहाला आला होता. मग म्हणाला, "शशी, एक विचारू? लहानपणी कशाला कशाला घाबरायची नाही ही. आणि मी तर तिच्यासाठी त्या बोगद्यात गेलो, तिने डोळ्यांनी पाहिलं. मग ही अशी कोणावर गेली गं?"

मी त्याच्याकडे पाहिलं. म्हटलं, "तिची आजी घाबरट होती ना रे. तिच्यावर गेली असेल."