बाईजींची फुकटाची यादी

बाईजींसमोर रुपयाचा आकडा काढला की त्या माशी हाकलल्यासारखा हात करायच्या. "आकडा नको सांगू बेटा, चीज सांग." कोणी म्हणलं माझ्या पोराला एवढा पगार लागला, की त्या विचारायच्या, त्यात दूध किती दिवसाचं येतं, आन ते दूध घरी कोण आणून देतं? मास्तरीणबाई एकदा नवी साडी नेसून आल्त्या, किंमत सांगून राह्यल्या होत्या, तर बाईजी म्हणल्या, "म्हंजे तू आज आठ किलो तूरडाळ नेसून आलीस." मास्तरीणबाई हसल्या, पण पुन्हा ती साडी नेसून दुकानात कधी आल्या न्हाईत.

टेंभुर्णीत रोडला लागून त्यांचं किराणा दुकान होतं आन मागं अंगण. त्या अंगणात मी लग्न झाल्यापासून धान्य निवडायला जात होते. मी सातवी शिकलेली, मला लिहायला येतं पण जोडाक्षर आलं की हात थांबतो. बाईजी पंच्याहत्तरच्या पुढच्या असतील, डोक्यावरची ओढणी कधी ढळली न्हाई, मराठी बोलायच्या आपल्यापेक्षा चांगली, फक्त राग आला की मारवाडी. सोळा वर्षाच्या असताना राजस्थानातून इथं सून म्हणून आल्त्या. त्यांच्या घरात अजून तिकडच्या गावाला 'देस' म्हणतात आन आपल्या टेंभुर्णीला 'परदेस'. मला लई हसू यायचं. म्हणलं बाईजी, इथं काय परदेस हो, समोर एसटीचा थांबा, बाजूला पिठाची गिरणी! तर म्हणायच्या, "तू इथं जन्मलीस म्हणून तुला गिरणी दिसते. मला साल-दोन साल नुसता आवाज ऐकू येत होता."

म्हणून आमच्या घरात मस्कतचा विषय निघाला तवा मी त्यांच्याकडंच पळत गेले. आमचे हे जालन्याला सळ्यांच्या मिलमध्ये होते, भट्टीवर. आठवडाभर तिकडंच खोलीवर राहायचे, शनिवारी यायचे. त्यांच्या ओळखीचे एक फोरमन मस्कतला गेल्ते, त्यांचा फोन आला, की इथं जागा आहे, बायको-पोरीला पण आणता येतं, फक्त खोली आपली आपण बघायची. ह्यांनी कॅलेंडरच्या मागं गुणाकार केला. इथल्या चौपट. मंग त्यातून आमचा इथला महिन्याचा खर्चा वजा केला, किराणा, लाईटबिल, पोरीचं दूध, मोबाईल, आन उरलेल्या आकड्याभोवती तीन गोल काढले. पोरगी तवा दोन वर्षाची होती. मी ते कॅलेंडर काढून घेतलं, जावं वाटत न्हाई म्हणावं तर कामून म्हणून विचारतील, आन मला कामून ते सांगता येत नव्हतं.

बाईजींनी ते कॅलेंडर डोळ्याजवळ धरून बघितलं, आन परत दिलं. "हे तर विकतचं लिहिलंय. फुकटाचं कुठंय?"

"फुकटाचं काय लिहायचं बाईजी? त्याला पैसे लागत न्हाईत."

"अरे बावळी, इथं लागत न्हाईत. तिथं लागतील. जे जे तुला फुकट मिळतं ते लिहून आण. मंग सांगते."

आमच्यासारखी सगळी माणसं हीच चूक करतात, मला नंतर कळलं. आपण पगार तिथला धरतो आन जगणं इथलं धरतो. मी दोन दिवस पोरीच्या पाटीवर लिहून राह्यले होते. शेजारचं ताक. कढीपत्ता, लिंबं. अंगणवाडीतला खाऊ, लस. चुलत जावेनं शिवून दिलेली झबली. अंगण, म्हंजे पोरगी खेळती ते. जीपवाल्या मामांनी जाफराबादच्या दवाखान्यात नेलेलं, त्यांनी कधी भाडं घेतलं न्हाई. आन मी कामाला गेल्यावर पोरीला सांभाळणारी सासू. ती यादी आमच्या सासूनं वाचली न्हाई, तिला वाचता येत न्हाई, पण ह्यांनी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवली. सासू भांडी घासता घासता उठून उभी राह्यली.

"मला फुकटात धरलं काय गं?"

"आत्याबाई, बाईजींनी सांगितलं..."

"कढीपत्त्याच्या खाली धरलं! निदान वर तरी लिहायचं!"

मी पुसून वर लिहिलं. बाईजींना सांगितलं तर त्या एवढ्या हसल्या की ठसका लागला. मंग डोळे पुसत म्हणल्या, आमच्याकडं पूर्वी कोणाला दूरगावी दुकान टाकायला धाडायचं तर आधी घरातच परदेस करायचे. त्याच घरात त्या माणसाची चूल वेगळी, त्याच्याशी कोणी बोलायचं न्हाई, कोणी वाटी द्यायची न्हाई, तिकडं जेवढं मिळणार तेवढ्यात त्यानं राहून दाखवायचं. जो टिकला तो गेला. "तू आठ दिवस करून बघ. दार लाव. शेजार न्हाई, सासू न्हाई, ताक न्हाई. तू आन पोरगी."

आमच्या घराला दोन खोल्या. मागची मी घेतली, पुढं सासू. हे सोमवारी जालन्याला गेले, तसंबी तिथं गेल्यावर बारा तास कामावरच असणार होते. पाण्याचा जार पण मी विकत घेतला. पहिला दिवस तर मजाच वाटली, मी टीव्हीतल्या बायकांसारखी शांत काम करून राह्यले होते. दुसऱ्या दिवसापासून पोरगी दार वाजवून आजी आजी करायला लागली, आन पुढच्या खोलीतून सासू कोंबडीला सांगायची, "मला काय ऐकू येतं बाई, नात माझी मस्कतला आहे, लई लांब आहे." मी तोंडात पदर घालून हसले आन मंग लगेच रडले, कारण पोरीला काय सांगावं तेच कळंना.

चौथ्या दिवशी दुपारी पोरीच्या अंगात ताप भरला. मी औषध दिलं, ते तिनं ओकून टाकलं, पुन्हा दिलं, पुन्हा ओकली. ह्यांचा फोन लागंना, भट्टीवर असताना फोन लॉकरमध्ये ठेवतात. मी पोरीला खांद्यावर घेऊन त्या एवढ्याशा खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरून राह्यले होते, आन दार उघडायचं का न्हाई हेच मला ठरवता येत नव्हतं. मला वाटलं दार उघडलं म्हंजे मी नापास. एवढी येडी मी. दिवस मावळायला काठीचा आवाज आला. सासूनं जाऊन सांगितलं असणार. बाईजी दाराबाहेर उभ्या राह्यल्या.

"ताप किती?"

"लई आहे बाईजी. या ना आत."

"कशी येऊ? तू परदेसात आहेस."

मी पोरीला घेऊन दाराशी आले. त्या तिथून हलल्या न्हाईत, दारातून त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, चालत आल्याची धाप. मंग म्हणल्या, "आज तिकडं सुट्टी आहे," आन दार ढकललं. त्यांच्या मागून सासू, सासूच्या मागून शेजारीण तांब्या घेऊन, आन पाच मिनिटात जीपवाले मामा दारात. पोरीला जाफराबादला नेलं, सलाईन लावलं. बाईजी दवाखान्याच्या बाकावर माझ्या बाजूला बसून होत्या. म्हणल्या, "ह्याचा भाव काय लावशील?"

"न्हाई लावता येत."

"मंग परवडतं, असं मी कसं म्हणू?"

मला तवा एवढं मोकळं वाटलं. वाटलं झालं, ठरलं, आता कोणी न्हेत न्हाई. शनिवारी हे आले, मी त्यांना घेऊन दुकानात गेले, की बाईजींच्या तोंडूनच सांगून टाकावं. बाईजींनी सगळं सांगितलं, एकेक चीज. हे खाली मान घालून ऐकून राह्यले. मोठ्या माणसाला उलट बोलायची ह्यांना सवय न्हाई. सगळं झाल्यावर हळूच म्हणले, "बाईजी, तुमच्या यादीत माझी पाठ कुठंय?"

आन त्यांनी शर्ट वर केला. भट्टीची धग लागून लागून पाठीचं कातडं कसं झालंय ते मला माहीत होतं, मीच तेल लावत होते, पण ते असं दिवसाच्या उजेडात, दुकानात, गुळाच्या ढेपीजवळ बघून मला लाज वाटली. मी यादीत कढीपत्ता लिहिला होता. हे म्हणले, "ही पण इथं फुकटच चाललीय. तिकडं भट्टी न्हाई, गोडाऊन आहे. अजून दहा वर्षं तरी टिकंल."

बाईजींच्या हातातला तराजूचा दगड तसाच राह्यला. मी त्यांना कधीच चूक कबूल करताना बघितलं नव्हतं, त्यांच्या पोरांपुढं पण न्हाई. त्या म्हणल्या, "हे मी विसरले, भैया." मंग माझ्याकडं बघून, "लिही बेटा. सगळ्यात वर लिही." पुढं गिऱ्हाईक आलं तरी त्या उठल्या न्हाईत, आन मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी, की आता सांगतील, आता सांगतील.

मंग ते अर्ध्यावर ठरलं. हे एकटेच गेले. सहा महिने बघू, तिकडं जम बसला तर तुम्हाला बोलावतो. ज्या दिवशी गेले त्या दिवशी मी दुकानात जाऊन नुसती बसले. बाईजींनी माझ्यापुढं सूप ठेवलं, मूग होते. मी निवडायला लागले तवा म्हणल्या, "नवरा घरात असल्यावर काय काय फुकट मिळतं, त्याची यादी सांग पाहू." मी म्हणलं, वरच्या फळीवरचा डबा. पोरीला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणं. शनिवारी दारात चपलांचा आवाज. मंग मी सुपातले खडे वेचायला लागले, तर त्याच म्हणल्या, "घोरणं." मी रडता रडता हसले. "माझे शेठ जाऊन एकोणीस साल झाले," त्या म्हणल्या, "अजून मला बिनआवाजाची झोप येत न्हाई."

दिवाळीच्या नंतर त्यांच्या पोरांनी दुकान विकलं. पोरं सुरतेला कापडात आहेत. दुकान चालत नव्हतंच, सगळे जालन्याहून माल आणतात आता. मोठा मुलगा आन सूनबाई गाडी घेऊन आले, दोन दिवसात सगळं आवरलं. मी विचारलं, बाईजी, तुम्ही आधी आठ दिवस राहून बघितलं का तिकडं? त्या म्हणल्या, "मला कोणी विचारलं का? सोळा वर्षाची असताना पण न्हाई विचारलं, आता पण न्हाई." गाडीत त्यांना पाय वर करून बसता येत नव्हतं, सूनबाईनं काठी डिकीत टाकली. मला वाटलं काहीतरी सांगतील जाताना, मोठी माणसं सांगतात तसं. त्यांनी फक्त पोरीचा गालगुच्चा घेतला आन काच वर गेली.

आता ह्यांचा फोन आला, की खोली मिळून राह्यली आहे, शुक्रवारपर्यंत हो का न्हाई सांगायचं, न्हाईतर दुसरा भाडेकरू उभाच आहे. मी सगळं पुन्हा मांडून बघितलं. सासूचे गुडघे आता चालत न्हाईत, तिला इथं एकटं कोणाच्या भरवशावर टाकायचं. ह्यांच्या पाठीला तिकडं बरं आहे म्हणतात, पण आवाज कसातरी झालाय, फोनवर जेवलो जेवलो म्हणतात आन मला माहीत असतं की न्हाई जेवले. काहीबी करा, कोणाचं तरी कमीच पडून राह्यलं आहे. मी सुरतेला फोन लावला. सूनबाई म्हणली, मांजी आजकाल जास्त बोलत न्हाईत, तुम्ही बोला, मी कानाला लावते. मी श्वास न घेता सगळं सांगितलं, सासू, पाठ, पोरगी, शुक्रवार. मला वाटलं फोन कट झाला.

मंग बाईजी म्हणल्या, "तुला भ्या वाटून राह्यलं ना?"

"हो बाईजी."

"मला पण."

एवढंच. सूनबाईनं फोन घेतला, म्हणली, दवा घ्यायची वेळ झाली.

शुक्रवारी सकाळीच मी ह्यांना फोन करून म्हणलं, न्हाई परवडत. हिशेबानं म्हणलं का भिऊन म्हणलं, ते मला अजून कळलं न्हाई. बाईजी इथं असत्या तर त्यांनी ते बराबर माझ्या तोंडून काढून घेतलं असतं. ह्यांच्याकडं कुठंतरी ट्रक मागं घेत होते, त्याची पीं पीं येत होती. मंग म्हणले, पोरीला दे. मी पोरीच्या हातात मोबाईल दिला, आन ती मला रोज ऐकून ऐकून शिकलेली, एकदम माझ्याच आवाजात तिनं विचारलं, "जेवलात का?"