इंग्रज येण्याआधीचा शब्द

जपानमधल्या सेंदाई शहरातल्या आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या काउंटरवर एक जपानी ग्रंथपाल बसतात. निवृत्तीला आलेले आहेत. प्रत्येक वाक्याआधी ‘एऽऽतो’, म्हणजे आपलं ‘अं...’, म्हणून थांबतात आणि पुस्तक नेहमी दोन्ही हातांनी देतात.

माझं संशोधन युरोपातल्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकांवर आहे. एकदा मी न सांगताच त्यांनी ती काळानुसार लावून ठेवली. सर्वांत जुन्या पुस्तकात माणसांचे रानटी, अर्धसभ्य आणि सभ्य असे वर्ग होते. महायुद्धांनंतरच्या पुस्तकांतून ‘सभ्य’ गेलं आणि ‘विकसित’ आलं. अगदी अलीकडच्या पुस्तकात तर, कमी वस्तूंत सुखानं जगा, असा सल्ला होता.

त्यांनी पहिल्या पुस्तकातल्या ‘अर्धसभ्य’वर बोट ठेवलं. “एऽऽतो... इथे तुमचा देश आणि माझा देश शेजारी आहेत. वरच्या वर्गात जायला आम्ही धावत सुटलो. आजोबांनी गावची बोलीसुद्धा सोडली. मला ती येत नाही.” मग विचारलं, “प्रगतीला तुमच्याकडे काय म्हणतात?”

“सुधारणा.”

“आणि इंग्रज येण्याआधी?”

मी म्हटलं, “माहीत नाही. माझी आई फोनवर एवढंच विचारते, बरं चाललंय ना?”

त्यांनी ते मराठी वाक्य जपानी लिपीत कागदावर उतरवून घेतलं, दोनदा पुटपुटले आणि माझ्याकडे बघत अडखळत म्हणाले, “बरं चाललंय ना?”

तीन वर्षांत इथे मला हे समोरासमोर कोणी विचारलं नव्हतं. मी ‘हो’ म्हटलं आणि पुस्तक दोन्ही हातांनी परत दिलं.