मापुलाचं लाल जाकीट

दक्षिण आफ्रिकेतल्या मामेलोडी वस्तीत गुरुवारची दुपार बायकांची. लाल जाकीट आणि काळा स्कर्ट घालून त्या चर्चमध्ये गुडघे टेकतात आणि सगळ्या एकदमच मोठ्यानं प्रार्थना करतात. त्या गलबल्यात मापुला मात्र नवरा गेल्यापासून नुसते ओठ हलवत असे. देवाचा राग आला होता, आणि रागावून देवाशी बोलायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत बहिणीची मुलगी केलेबोगिले लॅपटॉपवर नाचाची गाणी बनवायची. एकदा आतून जड, संथ ठेका येत होता. कपडे वाळत घालता घालता मापुलाच्या तोंडून निघालं, "देवा, ऐकतोयस ना? मग गप्प का?" आणि मग ती थांबेचना. केलेबोगिलेनं ते टिपून मावशीला ऐकवलं. मापुला ढसाढसा रडली आणि म्हणाली, "राहू दे गाण्यात."

आता ते गाणं टॅक्सीत वाजत होतं, गुत्त्यातही. एका गुरुवारी चर्चमध्ये बायकांच्या पुढारी मासेको, ज्यांना सगळ्या मानानं 'मे', म्हणजे आई, म्हणत, हातात भजनाला ठेका धरायची चामड्याची उशी घेऊन, सगळ्यांसमोर कडाडल्या, "दारुडे नाचतात तुझ्या प्रार्थनेवर, मापुला!"

"नाचू देत. तिथं निदान माझं ऐकतात तरी."

मागं कुणीतरी खुदकन हसलं.

"ढोलावर कुणी प्रार्थना करतं का?"

"आणि तुम्ही ती उशी बडवता ती काय, मे? धूळ झाडता?"

मासेको जरा नरमल्या. "हे बघ बाई, एवढंच म्हण, ती प्रार्थना नव्हती, नुसतं गाणं होतं. विषय संपला. नाहीतर जाकीट काढ आणि मागच्या बाकावर बस."

मापुलाच्या आईला असंच लाल जाकीट घालून पुरलं होतं. जाकीट गेलं की मरणात या बायका शवपेटीभोवती उभ्या राहत नाहीत. मापुलानं तोंड उघडलं. "ते नुसतं..." पुढं जाईना. इतक्या दिवसांत एकदाच ती देवाशी खरं बोलली होती, तेच खोटं म्हणायचं?

"एवढे महिने मी इथं मुकी बसले, कुणाला कळलं तरी का?" ती चिडून म्हणाली. "प्रार्थनाच होती ती, मे."

एक बटण अडकलं. तिनं ओढलं तर तुटलंच. जाकीट तसंच टाकून ती मागं जाऊन बसली. प्रार्थनेचा गलबला उठला तशी तीही गुडघ्यांवर आली.

"बघितलंस ना?" ती मोठ्यानं म्हणाली. "आता तरी बोलशील का काही?"