पेंडीतलं प्रथिन फुटलं तो दिवस

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतून प्रथिन काढायचं काम चाललं होतं. तेल काढल्यावर उरणारी ही पेंड एरवी गुरांना जायची. तिच्यातलं सत्त्व वेगळं करून जवळच्या रुग्णालयातल्या खंगलेल्या मुलांना द्यायचं, असं प्रयोगशाळा चालवणाऱ्या आमच्या सरांच्या मनात होतं.

त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. सर पोचूच शकले नाहीत. मी गिरगावातून चालत आले, तर नायगावची माझी सहकारी आधीच हजर. तिचा नवरा गिरणी कामगार, तो मोर्चात गेला होता.

कॉस्टिक सोड्यात भिजवलेल्या पेंडीचं पाणी गाळून तयार होतं. त्यात थेंबथेंब आम्ल सोडलं, की प्रथिन नासलेल्या दुधासारखं फुटतं. आम्ल जास्त पडलं तर पुन्हा विरघळतं. आणि तसंच ठेवलं तर उकाड्यात सगळं आंबून जाणार.

मी आम्ल सोडायला घेतलं आणि खाली पळापळ सुरू झाली. मग आवाज आले, लागोपाठ.

"गोळ्या का गं?" तिनं विचारलं. आणि हातातलं भांडं ठेवून ती दाराकडे निघाली.

"मी खाली बघून येते."

"वेडी आहेस का? फाटकाशी पोलीस आहेत!" मी तिचं मनगट धरलं.

तेवढ्यात खिडकीतून अश्रुधूर आत आला. डोळ्यांची आग आग झाली. आम्ल किती झालं ते कागदाच्या रंगावरून कळायचं, आणि मला तर रंगच दिसेना. तिनं खिडक्या लावल्या, ओला पदर डोळ्यांवरून फिरवला आणि कागद माझ्या हातातून घेतला.

"थांब. अजून थोडं. हळू... बस!"

पांढरट गुठळ्या तळाशी बसू लागल्या. ती मात्र दाराकडे बघत होती.

संध्याकाळी तिचा नवरा आला. डोक्याला शर्ट गुंडाळलेला, कपाळावर रक्त सुकलेलं. दगड लागला होता. ती रडली नाही. "बसा खाली," एवढंच म्हणाली आणि बोरिकच्या पाण्यानं जखम धुऊ लागली. त्याच्या शेजारी राहणारा एक जण मात्र मोर्चातून परतला नव्हता. ते त्यानं बऱ्याच वेळानं सांगितलं.

त्या गुठळ्या वाळवून केलेली पूड पुढं गूळ घालून पेजेतून रुग्णालयातल्या मुलांना दिली. पहिल्या मुलीनं पहिला चमचा थुंकला. दुसरा गिळला.